दाजीपूरचं ‘मूळ’ जंगल कोणतं?

माणसाने जंगल किती बदललं हे मोजायचं, तर तुलनेला न बदललेलं जंगल लागतं. कोल्हापुरात त्यासाठी सगळे दाजीपूरकडे बोट दाखवतात. पण हे जंगल संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं होतं. 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1985 मध्ये वाढून राधानगरी अभयारण्य, सुमारे 351 चौरस किलोमीटर. आता शिकारीसाठी राखलेलं म्हणजे माणसाचा हात न लागलेलं, असं थोडंच आहे!

घाव कोणता होता, यावर पुढचं सगळं ठरतं. नुसती तोड झाली तर अंजनी, जांभूळ बुंध्यातून पुन्हा फुटतात. एकाच बुडख्यातून चार-पाच खोडं दिसली, तर तिथं कधीतरी कुऱ्हाड चालली असावी. कुमरी शेतीत उतारावरची झाडं तोडून, जाळून नाचणी-वरी घेत. जमीन मध्ये पुरेशी पडीक ठेवली तर जंगल परतायचं. वारंवार जाळलं की बुडखेच मरतात. मग सावलीतल्या झाडांचं बी पक्ष्यांनी शेजारच्या जंगलातून आणावं लागतं, आणि शेजारी जंगलच नसेल तर कारवी नि झुडपंच बघत बसा. बॉक्साइटच्या खाणीत तर मातीसकट जांभ्याचा थरच जातो. तिथं फुटायला काही उरत नाही.

म्हणजे शेजारशेजारच्या दोन हिरव्या प्लॉटांचं वय आणि भूतकाळ अगदी वेगळा असू शकतो. उपग्रहाच्या चित्रात ते दिसेलच असं नाही. म्हणून प्लॉट आखण्याआधी संस्थानी दप्तर चाळा, बुडखे मोजा, आणि वाडीवरच्या म्हाताऱ्यांना विचारा: इथं कुमरी कुठं व्हायची?