फकिरा हजर कामून झाला?

‘फकिरा’ची शेवटची पानं संपली की आमच्याकडं भांडण सुरू होतं. अण्णाभाऊ साठ्यांची ही कादंबरी १९५९ साली आली. तेव्हापासून हे भांडण मिटलेलं नाही, आणि मिटूही नये. कारण ते आपल्या घरादाराचं भांडण आहे.

शेवट बहुतेकांना ठाऊक आहे. दुष्काळात माणसं मरायला लागली म्हणून ज्यानं धान्य लुटलं, खजिना लुटला, तो फकिरा सरकारच्या हाती लागत नाही. मग सरकार त्याची माणसं धरतं. म्हातारीकोतारी, बायालेकरं कोंडून ठेवतं. आणि फकिरा आपल्या पायानं येऊन हजर होतो. गावासाठी जोगणी आणायला गेलेल्या बापाचं, राणोजीचं मुंडकं तुटतं तिथनं ही गोष्ट सुरू होते आणि लेक हजर होतो तिथं संपते. मधे राधा आहे. राणोजीची बायको, फकिराची माय.

या शेवटाला वाचकांनी काय म्हटलं?

पांढरपेशा वाचकानं त्याला त्याग म्हटलं. कादंबरीला प्रस्तावना वि. स. खांडेकरांची होती, १९६१ साली राज्य सरकारचं बक्षीसही मिळालं. म्हणजे पुस्तक त्यांच्या घरात गेलं, तिथं वाचलं गेलं. त्याग, बलिदान, शोकांतिका हे सगळे शब्द मोठे आहेत. पण त्याग म्हटलं की त्याग करणाऱ्याला हार घालून मोकळं होता येतं. ज्यानं बायालेकरं कोंडली त्याचं नाव घ्यावं लागत नाही.

१९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली. तिचा धग इकडंही पोचला. तेव्हा आमच्यातली शिकती पोरं चिडून म्हणायची, हजर झाला म्हणजे हारला. आम्हाला शरण जाणारा नायक नको. विष्णुपंत कुलकर्ण्यासारखा चांगला बामण कादंबरीत कशाला घातला, म्हणूनही ती पोरं अण्णाभाऊंवर रागवायची. हा राग खरा होता. हजार वर्षं वाकलेल्या पाठीला पुस्तकात तरी कुणी वाकलेलं बघवत नाही.

तिसरा वाचक म्हणजे ज्याला वाचताच येत नव्हतं तो. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. मांगवाड्यात वाचता येणारा एखादाच. तो कंदिलापाशी बसून वाचायचा, बाकीचे ऐकायचे. असंच एकदा शेवट ऐकून पोरं तावातावानं भांडायला लागली. कोपऱ्यातली एक म्हातारी बराच वेळ गप होती. मग तिनं विचारलं, “कोंडलेल्यात लेकरं किती व्हती?”

कुणालाच सांगता येईना. ती म्हणाली, “मंग त्यानं काय करावं रं?”

मला सांगा, कोणत्या समीक्षकानं हा प्रश्न विचारला?

आता जरा इतिहास बघू. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाखाही त्यात आला. गुन्हा एकाचा, पण नोंद सगळ्या जमातीची. नाव लिहायचं, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, परवानगीबिगर गाव सोडायचा नाही. जन्माला आलेलं पोरगं चोर नसतं, पण चोराच्या जातीत जन्मलं एवढं कायद्याला पुरायचं. हा कायदा रद्द झाला १९५२ साली. म्हणजे ‘फकिरा’ येण्याच्या अवघ्या सात वर्षं आधी. ज्या जमातींनी हजेरी दिली त्यांच्यातला एक माणूस शेवटी ‘हजर’ होतो, हा शब्द उगीच आलेला नाही. आणि फकिरा आपल्या नात्यातला होता हे अण्णाभाऊंनीच सांगितलेलं आहे. हा शेवट त्यांनी कागदावर लिहिण्याआधी घरात ऐकलेला असणार.

आमच्या मुलखावर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. तरी त्या म्हातारीला कोंडणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. गावात काही हरवलं की गाव आधी मांगवाड्यात शिरतं, आणि गडी सापडला नाही तर घरातल्याला धरतं, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

पुढं १९७८ आलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलैला दोन्ही सभागृहांत झाला आणि मराठवाडा पेटला. नामांतर मागणारं पोरगं शहरात, होस्टेलवर, मोर्चात होतं. घर जळालं ते खेड्यातल्या मायबापाचं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्याच ऑगस्टमधे मारले गेले. ते मातंग होते. त्या वर्षी मी कॉलेजात होतो. चळवळीतली कितीतरी पोरं मुकाट्यानं घरी परतताना मी पाहिली. कुणाचं खोपट जळालेलं, कुणाच्या बापाचं काम बंद, कुणाच्या बहिणीला पाणवठा बंद. लोक त्यांना भेकड म्हणाले, फुटले म्हणाले. विद्यापीठाला नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोवर या परतलेल्या पोरांचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुतळ्याखाली त्यांची नावं नाहीत.

मला ‘फकिरा’चा शेवट या पोरांचा वाटतो. व्यवस्थेला आपला गडी आवरत नाही, तेव्हा ती त्याच्या मायेला हात घालते. आपलं माणसावर जीव लावणं हेच ती आपल्याविरुद्ध वापरते. जीव लावणारा माणूस हारला असं म्हणणं म्हणजे कोंडणाऱ्याचीच बाजू घेणं झालं.

१ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती असते. मिरवणूक निघते, फोटोला हार पडतात. त्या दिवशी वस्तीत ही शेवटची पानं मोठ्यानं वाचा. पोरांना भांडू द्या. फक्त भांडण ‘तो हजर कामून झाला’ इथंच थांबू देऊ नका. ती माणसं कुणी कोंडली, कुणाच्या वाड्यात कोंडली, आणि तेव्हा बाकीचं गाव काय करत होतं, हेही विचारा.