सरकारी बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे बाळ-बाळंतिणीला माहेरहून, आत्या-मावश्यांकडून येणारी भेट. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी, जुन्या लुगड्याची मऊ गोधडी. ही यादी कुणी लिहून ठेवलेली नसे, घरातल्या बायकांना ती पाठ असे. पण जिला माहेर नाही, किंवा आहे पण त्यांची ऐपत नाही, तिच्या बाळाला काय मिळणार? फिनलंडने १९३७ साली या प्रश्नाचं उत्तर थेट कायदा करून दिलं. त्या देशात सरकारच बाळंतविडा पाठवू लागलं.

आजच्या श्रीमंत फिनलंडवरून तेव्हाच्या फिनलंडची कल्पना येणार नाही. १९१७मध्ये देश रशियापासून स्वतंत्र झाला आणि लगेच १९१८मध्ये यादवी युद्धात होरपळला. बहुसंख्य लोक खेड्यांत शेती आणि जंगलकामावर जगत होते. १९३०च्या दशकात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ६५ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. जन्मदर घसरत असल्यामुळे राज्यकर्त्यांना लोकसंख्येची चिंताही होती. म्हणजे कायद्यामागे नुसती करुणा नव्हती. देशाला माणसं हवी होती, आणि ती जगायला हवी होती.

या कायद्याची पूर्वतयारी आधीच्या दोन दशकांत झाली होती. १९२०मध्ये सोफी मॅनरहाइम या परिचारिकेच्या पुढाकाराने बालकल्याणासाठी एक संस्था उभी राहिली. बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्पो तिच्या कामात अग्रभागी होते. ही संस्था गरीब आयांना बाळाच्या कपड्यांची टोपली उसनी देई. बाळ मोठं झालं की टोपली धुऊन-सावरून पुढच्या घरी जाई. १९२२मध्ये हेलसिंकीत बाळांसाठी पहिलं तपासणी केंद्र निघालं. अशा केंद्राला फिनिश भाषेत ‘नेउवोला’ म्हणतात, म्हणजे सल्ला मिळण्याची जागा.

१९३८पासून कमी उत्पन्नाच्या आयांना सरकारी मदत सुरू झाली. रोख रक्कम, वस्तूंची पेटी किंवा थोडं हे थोडं ते, असा पर्याय होता. त्या वर्षी बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया या मदतीला पात्र होत्या. एका अर्थी देशाच्या गरिबीचीच ती मोजदाद होती. पेटीत तयार कपडे फारसे नसत. कापड आणि शिवणाचं सामान असे, शिवायचं आईनेच. रिकाम्या पेटीत बाळाला निजवता येई, कारण अनेक घरांत बाळासाठी वेगळी, स्वच्छ जागाच नव्हती.

पुढे सोव्हिएत रशियाशी युद्ध झालं. कारेलिया प्रांतातून चार लाखांवर लोक घरदार सोडून निघाले. कापड मिळेना, तेव्हा १९४२ ते १९४६ या काळात बाळाला गुंडाळायची वस्त्रं आणि आईची चादरही कागदाची देण्यात आली. पण पेटी थांबली नाही.

१९४९मध्ये उत्पन्नाची अट गेली आणि पेटी सगळ्या आयांसाठी खुली झाली. एक अट मात्र होती. गरोदरपणी डॉक्टरकडे किंवा नेउवोलात जाऊन तपासणी करून घ्यायची. माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथे आहे. पेटीतल्या दुपट्याने कुणाचा रक्तदाब कळत नाही. पण त्या दुपट्यासाठी म्हणून बाई केंद्रात आली की रक्तदाब, रक्त, लघवी तपासता येतं, पुढची तारीख देता येते. १९४४च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला आणि ग्रामपालिकेला अशी केंद्रं चालवणं बंधनकारक झालंच होतं. आज तिथे हजारी साधारण दोन बाळं दगावतात. त्याचं सगळं श्रेय पुठ्ठ्याच्या पेटीला देता येणार नाही. सुईणी, रुग्णालयं, प्रतिजैविकं, चांगलं अन्न, शिक्षण हे सगळं त्यात आलं. पेटी हे केंद्रापर्यंत येण्याचं निमित्त होतं.

यादी बदलत गेली तसा देशही तिच्यात दिसत राहिला. १९५७मध्ये कापडाऐवजी तयार कपडे आले. १९६९मध्ये एकदा वापरून टाकायचे डायपर आले. १९७०च्या दशकात नोकरी करणाऱ्या आया वाढल्या, तेव्हा धुवायला सोपे, ताणले जाणारे रंगीत कपडे आले. २००६मध्ये धुऊन वापरायचे कापडी लंगोट परत आले, आणि स्तनपानाला उत्तेजन म्हणून दुधाची बाटली काढून टाकली. आजही पेटीऐवजी पैसे घेता येतात, पण पहिलटकरणी बहुधा पेटीच घेतात.

महाराष्ट्र सरकारनेही २०१९मध्ये सरकारी आरोग्य संस्थेत पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या स्त्रियांसाठी सुमारे २,००० रुपयांचं ‘बेबी केअर किट’ आणलं. कपडे, अंथरूण, मच्छरदाणी अशी त्याची यादी फिनलंडच्या वळणाचीच आहे. पण त्याच्या बऱ्याच आधी गडचिरोलीत वेगळी वाट शोधली गेली होती. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांच्या पिशवीतली यादी पाहा. वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारी झोपेची पिशवी आणि श्वास मोजायचा मण्यांचा फळा. ज्यांना फार पुढपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांनी दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातलं मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. या गावांत तीन वर्षांत नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींना हाच अनुभव आधार ठरला.

फिनलंडमध्ये पेटीसाठी आई केंद्रात गेली आणि गडचिरोलीत केंद्रच पिशवी घेऊन आईच्या दारात आलं. आज नव्या आईबापांपुढे दुकानांच्या लांबलचक याद्या असतात. त्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ज्याने त्याने ठरवावं. पण पहिल्या महिन्यात बाळाला पाहायला कोण येणार, कधी येणार आणि रात्री ताप आला तर कुणाला हाक मारायची, हे यादीत सगळ्यात वर लिहावं.