चला, बंबावर चढा

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. दुपारचे दोन वाजून गेलेत. तुम्ही मुंबईच्या अग्निशमन दलात आहात आणि वर्दी आलीय व्हिक्टोरिया गोदीतून. कापूस पेटलाय. गिरण्यांच्या या शहरात कापसाची आग कुठल्या बंबवाल्याला नवी? १८५५ मध्ये पोलिसांच्या हाताखाली, घोड्यांच्या बंबांवर हे काम सुरू झालं; १८८७ पासून पूर्णवेळ दल उभं राहिलं. वर्दी आली की निघायचं. काय जळतंय ते पोचल्यावर बघू.

'फोर्ट स्टिकीन' या जहाजाच्या दोन नंबरच्या फाळक्यातून धूर येतोय. तुम्ही होज आत सोडता. पाणी ओतत राहता, ओतत राहता, धूर काही हटत नाही. बुटाच्या तळव्यातून डेक भाजू लागतो. मग कुणीतरी बोट दाखवतं: जहाजाच्या डाव्या अंगाला पत्र्यावरचा रंग फुगून फुटतोय. म्हणजे आग नेमकी त्यामागे! पत्रा कापून आत पाणी मारावं, तर गॅस कटर चालेना.

आणि त्याच फाळक्यात, कापसाच्या गाठींच्या वर, स्फोटकं आहेत. जहाजावर सगळी मिळून चौदाशे टनांच्या आसपास. असा माल असला की लावायचा लाल बावटा मात्र कुठेच नाही.

धक्क्यावर साहेबलोकांचा खल चाललाय. कुणी म्हणतं, इथंच बुडवा. कुणी म्हणतं, ओढून समुद्रात न्या; इंजिन तर दुरुस्तीला काढलेलं. हुकूम द्यायचा अधिकार नक्की कुणाचा, हेच ठरत नाही. मला विचाराल तर त्या दुपारी आगीइतकाच हा घोळ जिवावर उठला.

चार वाजून सहा मिनिटं. पहिला स्फोट. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, त्या उडून कुठं कुठं पडल्या, ही गोष्ट मुंबईकर अजून रंगवून सांगतात. दलाची ६६ माणसं गेली, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. देशभर अग्निशमन सेवा दिन याच तारखेला पाळतात, तो त्यांच्यासाठी.

तुम्ही वाचलात. तर उठा. कोठारं पेटलीत, पलीकडच्या वस्त्याही. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागणार आहेत, आणि फाटक्या होजातून धड तुकडे निवडून जोडायला माणसं कमी पडताहेत.