जॉर्ज मेसन : मानवी हक्कांचा पुरस्कार आणि गुलामगिरीचा अंतर्विरोध

प्रस्तावना :
अठराव्या शतकातील व्हर्जिनियात तंबाखूची शेती व गुलामांचे श्रम यांवर मळेवाल्या वर्गाची सत्ता उभी होती. जॉर्ज मेसन (१७२५-१७९२) हा याच वर्गाचा प्रतिनिधी होय. त्याच्या विचार व आचारातील विसंगतीचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
१७३५ मध्ये पित्याचे निधन झाल्यावर आत्याचे यजमान जॉन मर्सर यांच्या ग्रंथसंग्रहातून मेसनला कायद्याची गोडी लागली. १७५८ मध्ये तो वसाहतीच्या विधिमंडळावर निवडून आला. १७७४ मध्ये फेअरफॅक्स परगण्यातील स्वयंसेवक लष्करी तुकडीच्या उभारणीत त्याने जॉर्ज वॉशिंग्टनसमवेत पुढाकार घेतला.

१२ जून १७७६ रोजी संमत झालेला व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा प्रामुख्याने त्याच्याच लेखणीतून उतरला. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत, हे त्यातील पहिले तत्त्व. मात्र गुलामांचे मालक असलेल्या सभासदांनी आक्षेप घेतल्यावर ‘समाजात प्रवेश करताना’ या आशयाची पुस्ती जोडण्यात आली. गुलाम समाजाचे घटकच मानले जात नसल्याने ते या तत्त्वातून आपोआप वगळले गेले.

१७८७ च्या संविधान परिषदेत मेसनने गुलामांच्या व्यापारावर कठोर टीका केली. हक्कांचा जाहीरनामा नसल्याच्या प्रमुख कारणावरून त्याने मसुद्यावर स्वाक्षरी नाकारली. तथापि, १७८८ मध्ये विद्यमान गुलामांवरील मालकीला संविधानात संरक्षण नाही, अशीही तक्रार त्याने केली. मृत्युपत्रातही त्याने आपल्या गुलामांना मुक्त केले नाही.

निष्कर्ष :
१७९१ च्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांमागे मेसनची प्रेरणा होती, हे निर्विवाद. परंतु हक्कांची भाषा मालमत्तेच्या हितसंबंधांपाशी येऊन कशी थबकते, याचेही त्याचे जीवन बोलके उदाहरण ठरते.