तळटीप १४ : दोन नगरांची ढाल

१४. दोन नगरांची ढाल : होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यातील (सुमारे इ.स.पू. ८वे शतक) अकिलीसची ढाल. अकिलीसचा मित्र पट्रोक्लस युद्धात पडला आणि त्याने घातलेले अकिलीसचे चिलखत शत्रुपक्षाच्या हेक्टरने बळकावले. तेव्हा अकिलीसची आई थेटिस हिने हेफायस्टस या लोहारदेवाकडून नवे चिलखत व ढाल घडवून घेतली. १८व्या सर्गात या ढालीचे वर्णन सव्वाशेहून अधिक ओळी चालते. तिच्यावर दोन नगरे कोरली आहेत. एकात लग्नाच्या वराती निघाल्या आहेत, दुसऱ्याला सैन्याचा वेढा पडला आहे.

लेखकाने पहिल्याला ‘सुखाचे नगर’ म्हटले आहे, ते अर्धेच खरे. तिथल्याच चौकात एका खुनाच्या भरपाईवरून तंटा चालू आहे आणि वृद्ध पंच निवाडा देत आहेत. फरक एवढाच, की तिथे रक्ताचा हिशेब भरपाईने होतो. उलट युद्धाच्या नगराबाहेर पावा वाजवत येणारे दोन गुराखी दबा धरलेल्यांच्या हातून मरतात. पुढे नांगरणी, कापणी, द्राक्षमळा, नाच येतात. कडेने महासागर फिरतो.

लेखकाच्या ‘वरात कॅम्पातून गेली’ या वाक्यातला कॅम्प म्हणजे चेंबूर कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. छावणी उठली, नाव राहिले.