खडे नव्हे, पिशवीच काढा!

शनिवार, १५ जुलै १८८२. तुम्ही बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या टेबलापासून दोन हातांवर उभे आहात. कार्बोलिक ॲसिडच्या वासाने नाक चुरचुरतंय. टेबलावरचा माणूस ४३ वर्षांचा आहे, दिसतो साठीचा. १६ वर्षं पोटातल्या कळांनी त्याला पिळून काढलंय. अंगावरचं मांस झडलंय आणि मॉर्फिनची सवय जडली आहे.

‘सोनोग्राफी कुठंय?’ असं तुमच्या ओठांवर येतं. कुणाला विचारणार? क्ष-किरण सापडायलाही अजून १३ वर्षं आहेत, आणि सापडले तरी पित्ताशयातले कोलेस्टेरॉलचे खडे त्यांत बहुधा दिसणार नाहीत. सर्जन कार्ल लांगेनबुख यांच्या हाती आहे ती रोग्याची हकीकत आणि स्वतःची बोटं. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला की कळ उठते ती उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध, बऱ्याचदा जेवणानंतर किंवा रात्री. ती पाठीत, उजव्या खांद्याकडे जाते, तासन्‌तास टिकते आणि खडा मागे सरकला की ओसरते. मग माणूस म्हणतो, गॅस झाला होता. (हे वाक्य तुम्ही घरीही ऐकलं असेल.)

या माणसाला आजवर काय मिळालं असतं? श्रीमंत असता तर कार्ल्सबादच्या झऱ्यांचं पाणी. नाहीतर ईथर आणि टर्पेंटाइनचं जुनं मिश्रण, खडे विरघळतील या आशेवर. १८६७ मध्ये इंडियानापोलिसला जॉन बॉब्स यांनी एका बाईचं पित्ताशय उघडलं, खडे काढले आणि ते पुन्हा शिवून टाकलं. ती जगली. पण पिशवी तीच राहिली, तर खडे पुन्हा का होणार नाहीत?

लांगेनबुख यांचं म्हणणं इतकंच आहे: पित्ताशयात खडे आहेत म्हणून नव्हे, ते खडे तयार करतं म्हणून ते काढायचं. वय अवघं ३५, आणि एक अख्खा अवयव शरीराला नसला तरी चालतो असं म्हणायची छाती! खरं तर पुरावा दोन शतकं पडून होता. सतराव्या शतकातच झांबेकारी यांनी कुत्र्यांची पित्ताशयं काढून ती जगतात हे दाखवलं होतं. घोड्याला आणि हत्तीला तर पित्ताशय मुळातच नसतं. पित्त तयार करतं यकृत. ही पिशवी ते फक्त साठवते आणि घट्ट करते. मला विचाराल तर इथे अडलं होतं ते हातांचं कसब नव्हतं, विचार होता.

कसबही त्यांनी प्रेतांवर घोटून घेतलंय. रोग्याला पाच दिवस आधी दाखल करून एनिमा देऊन आतडी रिकामी केली आहेत. आता पोटावर टी आकाराचा छेद जातो. हातांत रबरी मोजे नाहीत. यकृताची कड वर उचलली जाते आणि खाली दिसतं जाड, सुजून गेलेलं पित्ताशय.

इथे तुमचा श्वास अडकतो. पित्ताशयाची नळी काही अंतरावर यकृताच्या मुख्य पित्तनळीला मिळते. जुनाट सुजेने दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. धागा चुकून मुख्य नळीला बसला तर पित्त यकृतातच तुंबेल, कावीळ होईल आणि या काळात त्यातून माणूस वाचणं जवळपास अशक्य. लांगेनबुख घाई करत नाहीत. आधी नळी मोकळी करतात, मग बांधतात, मग पिशवी यकृतापासून सोडवतात. आत खडे निघतात दोन. फक्त दोन!

दुसऱ्या दिवशी येऊन पाहा. ताप नाही, दुखणं फारसं नाही, आणि हे गृहस्थ चक्क सिगार ओढतायत. बाराव्या दिवशी ते चालू लागतात. तरीही लॉसन टेट यांच्यासारखे नामवंत सर्जन पुढे कित्येक वर्षं या शस्त्रक्रियेला विरोधच करतील.

आता एकशे तीन वर्षं ओलांडा. १२ सप्टेंबर १९८५, जर्मनीतलं बोब्लिंगेन. एरिख म्यूह दुर्बिणीतून तीच पिशवी काढतात आणि जर्मन सर्जनांची टीका ओढवून घेतात. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया भारतात आणतात. छेद आता तीन-चार, बोटाच्या पेराहून लहान. पण नळी कापण्याआधी ती तीच आहे ना, याची खात्री करायला सर्जनला आजही थांबावं लागतं.

तुमच्या काळात परतलात की चित्र उलटं दिसेल. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडा सापडतो, कळ एकदाही आलेली नसते आणि घरचे ऑपरेशनची तारीख विचारतात. अशा बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. कळा येऊ लागल्या तर पित्ताशय काढणं योग्य. आणि कळेसोबत थंडी-ताप आणि कावीळ आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, कारण खडा बहुधा मुख्य नळीत उतरलेला असतो. आता तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढता येतो.