गिऱ्हाईक आणि वाचक

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या वाटेवर मार्गासनी हें गांव लागतें. राजगडाचा प्रवासी व तोरण्याचा प्रवासी या बाजूनें जातो. गांवाच्या नांवांत कानाला मार्गही ऐकूं येतो आणि आसनही. व्युत्पत्ति कांहींही असो, एकट्या दुकानदाराची सारी अडचण या दोन शब्दांत सामावली आहे. मार्ग चालता असतो. दुकानदाराला मात्र आसन सोडतां येत नाहीं. ज्याच्या पदरीं दहा गुमास्ते आहेत तो त्यांना गांवोगांव धाडील. ज्याच्याजवळ पैसा आहे तो वर्तमानपत्राचें पान विकत घेईल. परंतु जो स्वतःच माल आणतो, स्वतःच तराजू धरतो आणि रात्रीं स्वतःच जमाखर्च लिहितो, त्यानें आपली खबर चार कोसांपलीकडे कशी पोंचवावी? हा प्रश्न नवा नाहीं, आणि त्याचें एक उत्तरही आपल्याकडील मुद्रणकलेइतकेंच जुनें आहे. गिऱ्हाइकाला आधीं वाचक करावें. त्याला उपयोगी पडेल असें कांहीं लिहून द्यावें, आणि आपलें नांव त्याच्या मागून जाऊं द्यावें.

मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं पंचांग छापलें. त्या काळीं शाईंत चरबी असते म्हणून सोंवळे लोक छापील कागदास शिवण्यास कचरत. त्यांच्यासाठीं गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई केली, असें सांगतात. नवा धंदा करणाऱ्यानें लोकांच्या शंकेचा उपहास न करितां तिचें निरसन कसें करावें, याचा हा नमुनाच होय. पण त्याहून मार्मिक आहे ती पंचांगाची निवड. पोथी वर्षांतून एकदां उघडली जाते, पंचांग रोज. तिथि, एकादशी, मुहूर्त यांची गरज प्रत्येक घराला, आणि ज्यानें तें छापलें त्याचें नांव वर्षभर त्या घरांत.

पुढें जावजी दादाजी यांनीं हाच मार्ग रुंद केला. गरिबींत वाढलेल्या व दुसऱ्यांच्या छापखान्यांत हात बसवलेल्या या कारागिरानें १८६४ सालीं खिळे पाडण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. त्यांच्या पंचांगाचें नांवही निर्णयसागरच. तें विकून पैसा मिळे हें खरें. परंतु त्याचें प्रत्येक पान जावजींच्या सुबक खिळ्यांची जाहिरातही असे. निराळी स्तुति करण्याचें कारणच उरलें नाहीं. अक्षर डोळ्यांपुढें असतां अक्षराची तारीफ कोणी करावी?

मात्र या रीतीची खरी कसोटी छापखान्याबाहेर, लोखंडाच्या धंद्यांत लागली. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. सायकल हें तेव्हां अपूर्व वाहन. म्हणून ती नुसती विकून भागत नसे, चालविण्यासही शिकवावें लागे. शिकविल्यावांचून विकतां येत नाहीं, हा त्या घराण्याच्या व्यापाराचा पहिलाच धडा होता. दुसरा धडा अधिक कडू होता. लक्ष्मणरावांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत आडवी आली. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. नांगरांत खोट नव्हती. खोट ज्ञानाच्या अभावांत होती. ती भरून काढल्यावांचून कारखाना चालणें शक्य नव्हतें.

ज्याप्रमाणें मार्गासनीच्या आसपासचा मुलूख भोरकर पंतसचिवांच्या लहानशा संस्थानांत होता, त्याप्रमाणें कुंडलजवळचा माळ औंधकर पंतप्रतिनिधींच्या संस्थानांत होता. औंधाच्या बाळासाहेबांच्या आश्रयानें १९१० सालीं त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. तिचे संपादक शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. चित्रकला शिकलेला हा तरुण कारखान्याच्या जाहिरातींचें काम पाहूं लागला. नांवाप्रमाणेंच ती आरंभीं कारखान्याची खबर होती. परंतु केवळ कारखान्याची वार्ता किती दिवस वाचणार? शंकररावांनीं तिच्यांत उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा यांस जागा दिली. पुढें नांवांतील ‘खबर’ गळली व ‘किर्लोस्कर’ उरलें. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें निघालीं. ‘स्त्री’च्या वाचकांपैकीं कितीजणी नांगर विकत घेणार होत्या? व्यापारी हिशेबानें हा खर्च वायफळ ठरेल. पण किर्लोस्कर हें नांव ज्या घरांत नांगराला वाव नव्हता त्या घरांतही विश्वासाचें झालें, आणि मासिक आपल्या वाचकांच्या बळावर उभें राहिलें. ज्या लेखनाची गरज माल नको असलेल्यालाही वाटते, तेंच लेखन मालाच्या उपयोगीं पडतें, हा यांतील विरोधाभास आहे.

अमेरिकेंत डीअर या नांगरवाल्या कंपनीनें १८९५ सालीं ‘द फरो’ हें शेतकऱ्यांचें नियतकालिक काढलें. फ्रान्सांत मिशेलिन या धांवांच्या कारखानदारांनीं १९०० सालीं मोटारवाल्या प्रवाशांसाठीं मार्गदर्शिका छापली. एकमेकांस न ओळखणारीं हीं माणसें एकाच निष्कर्षास पोंचलीं. तेव्हां तो व्यापाराच्या स्वभावांतूनच निघालेला असला पाहिजे.

याच्या उलट चित्रही आपल्या डोळ्यांपुढें आहे. पेटंट औषधें विकणाऱ्यांनींही वाचकांसाठीं पुष्कळ मजकूर छापला. त्यांत उपदेश होता, रोगांचीं वर्णनें होतीं, आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटीं एकच बाटली होती. ज्ञानाचा वेष घेतलेल्या त्या थापांनीं लोकांची इतकी फसवणूक झाली कीं, १९५४ सालीं चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. थाप मारणाऱ्याचें नुकसान कदाचित् उशिरां होतें. पण त्याच्या शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याचें तात्काळ होतें, कारण वाचक मग सर्वांच्याच शब्दावरील विश्वास काढून घेतो. स्वस्त जाहिरातीची किंमत कोणीतरी भरतोच. ती लिहिणाऱ्यानें श्रमानें भरली नाहीं, तर वाचकाला फसगतीनें भरावी लागते.

आज कागदाचा खर्चही उरला नाहीं. खिशांतल्या यंत्रावरून एकटा माणूस हजारोंना चार ओळी पाठवूं शकतो. परंतु स्वस्त झालें आहे तें धाडणें. लिहिणें पूर्वींइतकेंच महाग आहे, कारण त्यास वेळ लागतो, आणि एकट्याजवळ वेळच थोडा. म्हणून त्यानें किर्लोस्करांच्या विस्ताराकडे न पाहतां त्यांच्या आरंभाकडे पाहावें. भाताच्या या मुलखांत तांदूळ विकणाऱ्यानें जुना तांदूळ व नवा तांदूळ यांस पाणी किती निरनिराळें लागतें, कीड न लागतां तो वर्षभर कसा ठेवावा, आणि कोणता तांदूळ कोणत्या पदार्थास चालणार नाहीं, एवढें खरेंखुरें लिहावें. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. आपल्या मालाची मर्यादा जो स्वतः सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांना वजन येतें.

महिन्यांतून एकदां, पण नेमानें, असें एक पान पुरे. पंचांगाची थोरवी त्याच्या भाषेंत नव्हती; तें वेळेवर येई आणि त्यांतील तिथीवर विसंबतां येई, यांत होती. दुकानदाराचें आसन असेल तेथेंच राहील. त्याचा शब्द मार्गाला लागावा अशी इच्छा असेल, तर वाटेंत भेटणाऱ्यानें तो पारखून घ्यावा एवढा तो खरा असला पाहिजे.